ओल मिसची दोन पोरं आणि रिसीव्हर पारखण्याचा घोळ

पाऊसपाणी_सिएटल

अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट (व्यावसायिक संघ पाळीपाळीनं कॉलेजची पोरं उचलतात तो) जवळ आला की आमच्याकडे जेवताना रोज एकच भांडण. मुलगा फोन नाचवत येतो, "बाबा, हा बघ, चाळीस यार्ड चार पॉइंट तीनमध्ये!" मी वरणभात कालवत विचारतो, "आणि समोर कुणी उभा असला की?" मग तो एक नाव घेतो आणि मला गप्प बसावं लागतं.

ते नाव डीके मेटकाफ.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्या सिएटल सीहॉक्सनी त्याला उचललं, तेव्हा मी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं होतं, "हा पोस्टरवर छान दिसेल, मैदानावर नाही." कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. दर गणपतीत आरती झाली की तो बाहेर निघतो. चिडवून घ्यायला माझी हरकत नाही, पण नक्की कुठे चुकलं ते एकदा शांतपणे समजून घ्यायचंय. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिसिसिपी विद्यापीठ, लाडाचं नाव ओल मिस. २०१८ मध्ये त्यांच्या संघात एकाच वेळी दोन रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारे, होते. ए. जे. ब्राउननं त्या हंगामात ८५ झेल घेतले, १,३२० यार्ड काढले. मेटकाफ सातच सामने खेळला, २६ झेल, ५६९ यार्ड. मग ऑक्टोबरमध्ये आर्कन्सॉविरुद्ध मानेला दुखापत झाली आणि हंगाम संपला. त्याआधी २०१६ मध्ये पाय मोडून पहिलं वर्षही वाया गेलेलं. कॉलेजची तीन वर्षं मिळून त्याचे झेल ६७. ब्राउनचे एका वर्षात त्याहून जास्त.

पण जानेवारी-फेब्रुवारीत व्यायामशाळेतला एक उघडबंब फोटो फिरला. त्यात दोघंही होते, पण ब्राउनकडे कुणी पाहिलंच नाही. पुढे इंडियानापोलिसला कम्बाइन झालं, म्हणजे सगळ्या संघांसमोर पोरांची मोजमापं आणि चाचण्या. मेटकाफ उंची सव्वासहा फुटांच्या वर, वजन २२८ पौंड म्हणजे १०३ किलो, आणि ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. उभ्या जागेवरून पुढे उडी ३ मीटर ४० सेंटिमीटर. शंभर किलोचा माणूस!

त्याच दिवशी तीन शंकूंची चाचणी झाली. इंग्रजी एलच्या आकारात पाच-पाच यार्डांवर तीन शंकू, त्यांना वळसे घालत पळायचं. मेटकाफला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडी, ज्याच्या पळण्यावर जगभर विनोद झाले, त्यानं २००० साली हीच चाचणी ७.२० मध्ये केली होती. झालं. "वळता येत नाही" हा शिक्का बसला. मीही मारला.

ब्राउन ५१ वा गेला, टेनेसीकडे. मेटकाफ थेट ६४ वा, दुसऱ्या फेरीची शेवटची जागा. त्याच्याआधी आठ रिसीव्हर उचलले गेले होते. फोनवर तो रडत रडत आमचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरलना विचारत होता की इतका वेळ का लावलात.

पहिल्या हंगामात त्यानं ९०० यार्ड काढले, दुसऱ्यात १,३०३. आता तो पिट्सबर्गला आहे. मी अजून इथेच, स्क्रीनशॉटसकट.

तर मंडळी, कॉलेजचा रिसीव्हर बघताना तुम्ही काय बघता?


तासगावचा_चढाईपटू

काका, मला हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली कुस्ती वाटते. मुलगा दोन वर्षांपासून शार्लटला आहे, त्याच्यामुळे बघायला लागलो. एक बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. रिसीव्हरनं पळायचं आणि बॉल झेलायचा, एवढंच ना? मग पळतो किती आणि झेलतो किती, हे मोजलं की झालं. पारखण्याचा प्रश्न आला कुठून?


फ्रिस्कोची_आई

तासगावचे भाऊ, प्रश्न बाळबोध नाही, सगळी गोम तिथेच आहे. टेक्सासात राहते, मुलगा शाळेच्या संघात कॉर्नर खेळतो, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा. चार वर्षं शुक्रवारी रात्री थंड लोखंडी बाकावर बसून जे शिकले ते सांगते. तुम्ही कबड्डीवाले, तुम्हाला पटकन कळेल.

रिसीव्हर रेषेवर उभा. त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर कॉर्नर. याला म्हणतात प्रेस. बॉल हलला की कॉर्नरला त्याला छातीवर ढकलायचं असतं, रिसीव्हरला त्याच्या हाताला न लागता निसटायचं असतं. ही पहिली दोन सेकंदं म्हणजे तुमची चढाईच. पाय एकीकडे दाखवायचा, जायचं दुसरीकडे. समोरच्याचा हात आला की मनगटावर फटका मारून झटकायचा. पुढे निघाला की लगेच त्याच्या रेषेत शिरून त्याला आपल्या पाठीवर घ्यायचं, म्हणजे बॉल हवेत असेल तेव्हा तो मागे आणि आपण पुढे. चाळीस यार्डांच्या चाचणीत यातलं काही नसतं. तिथे समोर कुणीच उभं नसतं!

मुलाचा कोच ओरडत असतो, डोळ्यांकडे बघू नकोस, खांद्यांकडे बघू नकोस, कंबर बघ. डोकं खोटं बोलतं, खांदे खोटं बोलतात, कंबर वळल्याशिवाय माणूस वळत नाही. म्हणून रिसीव्हर चांगला की वाईट हे मीसुद्धा कमरेवरूनच बघते. जोरात पळत येऊन वळायचंय तर आधी वेग मारावा लागतो. कच्चा पोरगा ताठ होतो, पाच-सहा छोटी पावलं टाकतो. कॉर्नरला तार मिळाली, "मी आता वळतोय." मुरलेला पोरगा एकदम खाली बसतो, दोन-तीन पावलांत थांबतो, आणि थांबेपर्यंत पळण्यातला आव तसाच ठेवतो.

दुसरी गोष्ट टीव्हीवर कधीच कळणार नाही. आवाज. बॉल हातांनी झेलला की "चट्" असा कोरडा आवाज येतो. छातीवर घेतला की पॅडवर "धप्प". बाकावर बसून डोळे मिटून सांगता येतं कोणाचे हात चांगले. गेल्या वर्षी समोरच्या शाळेचा एक पोरगा, सगळे त्याच्या उंचीचं कौतुक करत होते, आणि सराव चालू असताना नुसतं धप्प, धप्प, धप्प. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, आज हा दोन सोडणार. तीन सोडले.


आकडेमोड

फ्रिस्कोताई, प्रतिसाद मस्त. वाचनखूण साठवली. पण मी एडिसनचा रूक्ष माणूस, मला कंबर दिसत नाही, मला एक्सेल दिसतं. (शनिवारी सकाळी मुलीला भरतनाट्यमच्या वर्गाला सोडून पार्किंगमध्ये बसून लिहितोय.)

कॉलेजच्या रिसीव्हरचे नुसते यार्ड बघून काही कळत नाही. कुणी मिनिटामिनिटाला पास टाकणाऱ्या संघात असतो, कुणी दिवसभर बॉल हातात घेऊन पळणाऱ्या संघात. म्हणून मी हिस्सा बघतो. संघानं पासवर जेवढे यार्ड काढले त्यातले या एका पोराचे किती? आणि हा हिस्सा त्यानं कितव्या वर्षी मिळवला? एकोणीस-वीस वर्षांचा असताना मोठ्यांच्या संघात ज्यानं तिसरा हिस्सा उचलला, त्याला प्रशिक्षकांनी दाबून ठेवता येत नव्हतं असा त्याचा अर्थ. ब्राउन २०१८ मध्ये जवळपास तिथेच होता, आणि २०१७ मध्येही १,२५२ यार्ड. आणि हे कुठल्या संघात? जिथे मेटकाफ त्याचा वाटा खात होता, आणि टाइट एंड (अडवणाराही आणि झेलणाराही) डॉसन नॉक्सही होता, जो पुढे बफेलोला तिसऱ्या फेरीत गेला. इतकं सगळं ताटात असताना ब्राउन एक्कावन्नावा जातो, हा माझ्या मते त्या ड्राफ्टचा खरा घोटाळा. मेटकाफचं एवढं काय घेऊन बसलात?

आता त्या आठ जणांची यादी बघा: मार्कीस ब्राउन २५, एनकील हॅरी ३२, डीबो सॅम्युएल ३६, ए. जे. ब्राउन ५१, मेकोल हार्डमन ५६, जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड ५७, पॅरिस कॅम्पबेल ५९, अँडी इसाबेला ६२. मग मेटकाफ ६४. आणि त्याच्या मागे डिऑन्टे जॉन्सन ६६, टेरी मॅक्लॉरिन ७६.

इसाबेलाचं माझ्या एक्सेलनंच मला फसवलं, कबूल. मॅसॅच्युसेट्सचा पोरगा, २०१८ मध्ये १,६९८ यार्ड, देशात पहिला. धावण्यात मेटकाफपेक्षाही जलद, ४.३१. हिस्सा, वेग, सगळं भरभरून. पहिल्या हंगामात झेल किती? नऊ.

उलट मॅक्लॉरिन. ओहायो स्टेटचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी झेल जेमतेम ३५. माझ्या गणितानं तो नापासच. पहिल्याच हंगामात ९१९ यार्ड, मेटकाफपेक्षा जास्त. त्यामुळे आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवा असं मी म्हणत नाहीये. पण फिल्मवाल्यांनीही, म्हणजे सामन्यांचं चित्रण बघून पारखणाऱ्यांनीही, कॉलर ताठ करू नये. हॅरीची फिल्म बघून किती जण वेडे झाले होते आठवतंय ना?


पाऊसपाणी_सिएटल

आठवतंय. मीही त्यातलाच. हॅरी म्हणजे दोन-दोन माणसं अंगावर असताना हवेतून बॉल काढून आणायचा. बघायला काय सुंदर!

आता कळतं की तो धोक्याचा कंदील होता. माणूस सारखाच गर्दीत झेल घेतोय म्हणजे तो सारखाच गर्दीत सापडतोय. कॉलेजात अंगावर असलेला कॉर्नर त्याच्यापेक्षा अर्धा फूट बुटका आणि पुढे विमा कंपनीत जाणारा. रविवारी, म्हणजे व्यावसायिक सामन्यांत, असले कॉर्नर मिळत नाहीत.

मॅक्लॉरिनचं कोडं मला वाटतं मोबीलमध्ये सुटतं. अलाबामातलं मोबील, तिथे सीनियर बोल होतो, शेवटच्या वर्षाच्या पोरांचा. सामना कुणी बघत नाही, आधीचा आठवडाभराचा सराव बघतात. त्यात एकास एक. एक रिसीव्हर, एक कॉर्नर, मदतीला कुणी नाही. पळून जायला जागा नाही आणि लपायलाही नाही. मॅक्लॉरिन आणि डीबो दोघांनी तिथे त्या आठवड्यात कॉर्नरांना रडवलं होतं. मेटकाफ कॉलेजची वर्षं बाकी असतानाच निघाला, त्यामुळे त्याला ती संधी नव्हती. राहिली फक्त अंडरवेअर ऑलिंपिक, म्हणजे कम्बाइन. आपण सगळ्यांनी तेच बघून निकाल लावला.


हाडवैद्य

धागा वाचतोय आणि मानेबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून राहवलं नाही. (ओहायोत हाडांचा डॉक्टर. कुठल्याही संघाशी संबंध नाही, मेटकाफचा एकही एक्स-रे पाहिलेला नाही. सामान्य ज्ञान समजा.)

कम्बाइन हा मुळात डॉक्टरांचा कार्यक्रम आहे हो. १९८२ मध्ये टँपात सुरू झाला तो यासाठीच, की पोरांना प्रत्येक संघानं वेगळं बोलावून तपासण्यापेक्षा एकदाच सगळ्यांनी तपासावं. शंकू आणि घड्याळं टीव्हीवर दिसतात. एमआरआयच्या खोलीबाहेरची रांग दिसत नाही. माझ्या मते तिथे जे ठरतं त्यामुळे जितके खेळाडू घसरतात, तितके तीन शंकूंमुळे घसरत नाहीत.

मानेचा मणका म्हटल्यावर डॉक्टर तीन गोष्टी बघतो. हाड नीट जुळलंय का, मज्जारज्जूच्या नळीत पुरेशी जागा आहे का, आणि कुठे बधिरपणा किंवा ताकद कमी आहे का. तिन्ही ठीक असतील तर शस्त्रक्रियेनंतरही खेळायची परवानगी मिळू शकते, आणि मेटकाफला कम्बाइनच्या आधी मिळाली. पण परवानगी ही होय-नाहीची असते आणि ड्राफ्ट पैशाची. एक डॉक्टर हो म्हणतो, दुसऱ्या संघाचा डॉक्टर "हो, पण पहिल्या फेरीचे पैसे नका लावू" म्हणतो. हे कागद बाहेर येत नाहीत. त्यामुळे "चौसष्टावा का गेला" याचं उत्तर ७.३८ हेच, असं ठामपणे म्हणणाऱ्याकडे मी जरा संशयानं बघतो.

आणि हो, त्याच्या अंगात १.६ टक्के चरबी आहे अशी बातमी तेव्हा फिरली होती. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हशा पिकला होता. पुरुषाला जिवंत राहायला साधारण तीन टक्के तरी लागते. स्पर्धेच्या दिवशी पाणीसुद्धा तोडलेले बॉडीबिल्डर चार-पाचवर असतात. पोरगा दगडासारखा होता हे खरं, यंत्र मात्र गंडलं होतं.


फिलीचा_जळका

या विषयावर मला बोलू द्या, मला अधिकार आहे. माझा संघ फिलाडेल्फिया ईगल्स.

५७ वर आर्सेगा-व्हाइटसाइड आम्ही घेतला. मेटकाफ समोर बसलेला असताना. कारण काय, तर स्टॅनफर्डला १४ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं), आईवडील दोघंही बास्केटबॉलपटू, पोरगा पाठ देऊन उभा राहतो आणि रिबाउंडसारखा बॉल काढतो. पाऊसपाणी जे गर्दीतल्या झेलांचं म्हणाले ते माझ्या भिंतीवर फ्रेम करून लावायला हवं. पहिल्या हंगामात त्याचे १६९ यार्ड.

आणि मग ५ जानेवारी २०२०. प्लेऑफ, आमच्याच घरच्या मैदानावर, सिएटलविरुद्ध. मेटकाफचे एकट्याचे १६० यार्ड. त्या वेळी प्लेऑफमध्ये कुठल्याही नवख्याचा हा विक्रम होता (२०२४ मध्ये पुका नाकुआनं मोडला, तोही पाचव्या फेरीतला, १७७ वा. करा विचार). शेवटी आम्हाला फक्त एकदा त्यांना अडवायचं होतं. तिसरा डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि दहाच्या दहा यार्ड हवे. सगळ्या स्टेडियमला माहीत बॉल कोणाकडे जाणार. गेला. ३६ यार्ड. खेळ खलास. मी मेहुण्याकडे होतो, बायकोच्या भावाच्या घरी धड शिवीही देता येत नाही.

शहाणे झालो असू असं वाटेल. तीनच महिन्यांनी, २०२० च्या ड्राफ्टमध्ये, २१ व्या जागी जेलन रेगर घेतला. २२ व्या जागी मिनेसोटानं जस्टिन जेफरसन घेतला. जेफरसनबद्दल शंका काय होती? तर एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या वर्षी तो आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये खेळला, समोर प्रेसच नसायचा, मग बाहेर जमेल का? आधीच्या वर्षीची फिल्म काढून बघायची होती, बाहेर खेळला होता तो! नवखा म्हणून १,४०० यार्ड काढले त्यानं. रेगरनं ३९६. आणि २०२२ मध्ये रेगर गेला कुठे? मिनेसोटाला. जेफरसनच्या शेजारी.


पाऊसपाणी_सिएटल

जळकेसाहेब, तुमचा आर्सेगा-व्हाइटसाइडही शेवटी आमच्याकडेच आला होता २०२२ मध्ये, थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून. जखमेवर मीठ नाही, नुसती माहिती.


फिलीचा_जळका

माहीत आहे. धन्यवाद. पण ए. जे. ब्राउन टेनेसीकडून सौद्यात कोणाकडे आला ते विसरू नका. २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री. सुपर बोलची अंगठी आहे आमच्याकडे. 😌


आकडेमोड

त्याच सौद्याची दुसरी बाजू सांगतो, कारण या धाग्यावर सगळे फक्त जिंकलेले घोडे मोजतायत. टेनेसीनं ब्राउन देऊन १८ वी जागा घेतली आणि तिथे लगेच ट्रेलॉन बर्क्स उचलला. आर्कन्सॉचा दांडगा पोरगा. सगळीकडे एकच वाक्य, "हा पुढचा ए. जे. ब्राउन." वजन तसंच, बांधा तसाच, झेल घेतल्यावर माणसं अंगावरून झटकणं तसंच. खरा ए. जे. ब्राउन विकून त्याची प्रत घेतली आणि ती उघडलीच नाही.

"हा त्याच्यासारखा" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. स्थळ बघायला गेल्यावर "अगदी आमच्या थोरल्या जावयासारखा आहे" म्हणतात ना, तसलं. त्यामुळे मेटकाफ यशस्वी झाला म्हणून तीन शंकू खोटे, हेही मला मान्य नाही. एक मेटकाफ दिसतो. वळता न आल्यामुळे दोन वर्षांत घरी बसलेले धिप्पाड पोरगे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.


पाऊसपाणी_सिएटल

हा मुद्दा बरोबर. तीन शंकू खोटे नव्हते. तो खरंच वळू शकत नव्हता!

गेल्या आठवड्यात मुलाबरोबर बसून त्याचे जुने ओल मिसचे सामने पुन्हा पाहिले. बहुतेक वेळा मैदानाच्या डाव्या कडेला उभा. रिसीव्हरच्या धावांचं झाड असतं, शून्यापासून नऊपर्यंत आकडे. सम आकडे आत वळतात, विषम बाहेर, नऊ म्हणजे नाकासमोर सरळ. मुलानं वहीत खुणा केल्या. नऊ, नऊ, दोन, नऊ, मग थोडं पळून थांबणं, परत नऊ. झाडाला तीनच फांद्या. त्यात दोष त्याचा किती आणि ओल मिसचा किती? त्यांची पद्धतच अशी होती, रिसीव्हर लांब लांब पसरवायचे आणि सोप्या धावा द्यायच्या. जे शिकवलंच नाही ते येत नाही, यावरून ते येणारच नाही असं मी ठरवून टाकलं. माझी पहिली चूक.

दुसरी मोठी. मी विचारत होतो, याला काय येत नाही? सीहॉक्स विचारत होते, याला आपण करायला काय लावणार? त्यांच्याकडे रसेल विल्सन होता, आभाळातून अलगद पडणारे लांब पास टाकणारा. वळणावळणाच्या धावांना टायलर लॉकेट आधीच घरात होता. त्यांना हवा होता कडेला उभा राहणारा, प्रेस मोडून सरळ सुटणारा, ज्याच्या धाकानं एक जादा माणूस मागे ठेवावा लागेल. त्या कामाला तीन शंकू लागत नाहीत. जे लागतं ते फिल्ममध्ये होतं आणि मी ते पाहिलं नाही: कॉर्नरनं छातीवर हात टाकला की मेटकाफ तो हात असा उडवायचा, जणू खांद्यावरचं झुरळ. फ्रिस्कोताई म्हणतात ती पहिली दोन सेकंदं. कॉलेजात तर बॉल हवेत जाईपर्यंत कॉर्नर ढकलाढकली करू शकतो, व्यावसायिक खेळात पाच यार्डांपुढे हात लावला की दंड. म्हणजे जो कॉलेजच्या नियमात सुटतोय त्याचं काम पुढे थोडं सोपंच होतं. हा हिशेब मी केलाच नाही.

आणि त्या रात्री ६४ वी जागा सीहॉक्सनी कोणाकडून मिळवली? पेट्रियट्सकडून, ७७ आणि ११८ देऊन. त्याच पेट्रियट्सनी ३२ वर हॅरी घेतला होता. म्हणजे त्यांनी मेटकाफला एकदा टाळलं आणि दुसऱ्यांदा विकलं. त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक बेलिचिक, त्याच्यासारख्या माणसाचं असं होतं, तर माझ्या स्क्रीनशॉटचं काय घेऊन बसलात.


फ्रिस्कोची_आई

झुरळ! 😂 पण काका, त्याचे हात मात्र धप्पवालेच होते हां. सोडलेले झेल आठवा. आणि २०२० चा डॅलसविरुद्धचा सामना, टचडाउन होणारच म्हणून बॉल एका हातात मिरवत रमतगमत निघाला आणि ट्रेव्हॉन डिग्जनं मागून येऊन रेषेवर उडवला. आमच्या घरी टाळ्या.


पाऊसपाणी_सिएटल

आठवतंय, सोफ्यावरून उठलो होतो. पण महिनाभरानं त्याच माणसानं काय केलं तेही सांगा ना. ॲरिझोनाच्या बुडा बेकरनं आमचा पास पळवला आणि मोकळं मैदान बघून सुटला. मेटकाफ मागून धावत आला, ताशी २२.६४ मैलांनी, म्हणजे ३६ किलोमीटरच्या वर, आणि आठ यार्ड उरले असताना धरलं. ॲरिझोनाला त्यातून एकही गुण मिळाला नाही. सामना आम्ही हरलो ते सोडा. हे कुठल्या चाचणीत मोजणार? बॉल आपल्याकडे नाही, चूक आपली नाही, तरी शंभर यार्ड पळायचं.

म्हणून आता मी कॉलेजच्या पोराची फिल्म बघताना त्याला पास आलेला नाही असे खेळ आधी बघतो. दुसऱ्यासाठी अडवायला जातो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? मॅक्लॉरिन ओहायो स्टेटला किकच्या वेळी सगळ्यांत आधी पळत जाऊन माणूस पाडायचा. रिसीव्हर असून. ते काम हौसेनं करणारा पोरगा मला हवा.


आकडेमोड

ते एक्सेलमध्ये कसं घालायचं तेवढं सांगा.


हाडवैद्य

आणि गुडघ्याला किती वर्षं टिकेल तेही.


तासगावचा_चढाईपटू

मंडळी, तीन दिवस धागा वाचतोय. लई शिकायला मिळालं. आमच्याकडे अडवणाऱ्याला कोपरारक्षक म्हणतात, तुमच्याकडे कॉर्नर, म्हणजे एकच झालं की!

काल संध्याकाळी तालमीमागच्या मैदानावर पोरांचा सराव घेत होतो. म्हटलं ताईंचं आणि त्या टेक्सासच्या कोचचं ऐकून बघू. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधले दोघे, सगळ्यांना सांगितलं: आज चढाई करणाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही, डोळ्याकडे बघायचं नाही, फक्त कंबर. कंबर खोटं बोलत नाही.

चढाईला आलं आमचं सगळ्यात बारकं पोरगं, नववीतलं, पंचेचाळीस किलो. मध्यरेषा ओलांडली, उजवीकडे कंबर अशी काही वळवली की चौघं एकदम तिकडे झुकले, आणि हा डाव्या हातानं तिघांना शिवून परत.

ताई, तुमच्या कोचला विचाराल का, अशा वेळी कुठे बघायचं?